टबाची जागा

पेणच्या घरात न्हाणीघर नवं करायचं होतं. कंबरदुखीमुळे मला टब हवा होता. नवरा म्हणे, शॉवरच बरा. फरशी बसवायला आलेला कारागीर वडखळकडचा, पूर्वी मिठागरात राबलेला, ताडमाड माणूस. कुठलाही नळ सोडला की आधी थेंबभर पाणी जिभेवर ठेवायचा.

टबाचं माप घ्यायला त्याने टेप काढलीच नाही. कोऱ्या सिमेंटवर उताणा निजला, डोळे मिटले आणि बराच वेळ हललाच नाही. मी घाबरून हाक मारली.

"टब नको गो ताय," तो उठत म्हणाला. "मिठागरात आम्ही पाणी कोंडायचो. कोंडलेलं पाणी जाताना कायतरी ठेवून जातं. उभ्या माणसाच्या अंगावरून ते निघून जातं, थांबत नाय."

मी शॉवरच बसवून घेतला. तो फरशी बसवून गेला, परत कधी दिसला नाही.

आता रोज सकाळी, तो निजला होता तिथे, कोरड्या फरशीवर मीठ फुललेलं असतं. डोकं, खांदे, पाय. मी पुसून काढते.

तो माझ्याहून हातभर उंच होता. काल मी त्या आकारावर निजून पाहिलं. बरोबर माझ्या मापाचा आहे.