कोपरा कापलेली कार्डं

आमच्या पुलगावच्या मंडळात आम्ही तिघंच. कापड दुकानाचे शेठजी, डेपोतून रिटायर झालेले वानखेडे भाऊ आणि शाळेत क्लार्क असलेला मी. दर रविवारी शेठजींच्या गादीवर बसायचं अन् पोस्टकार्डं, इनलँड, छापील तिकिटाची पाकिटं एकमेकांना दाखवायची. कार्डांपेक्षा किस्सेच जास्त जमले! कार्डं निदान डब्यात मावतात, किस्से कुठे ठेवायचे?

माझ्या घरी आईच्या पोस्टकार्डांचाही एक डबा होता. तो मात्र मी या दोघांना कधी दाखवला नाही. नव्वदीच्या सुरुवातीला वर्ध्याच्या होस्टेलवर असताना त्यातल्या प्रत्येक कार्डाचं तिकीट मी कात्रीने कापून अल्बममध्ये चिकटवलं होतं. कोणत्या तोंडाने दाखवणार?

*

कारण मंडळाचा पहिला नियमच हा, की कार्ड अख्खं पाहिजे. कार्डावरच छापलेलं तिकीट कापलं, की त्याच्या मागच्या मजकुराचा डावीकडचा वरचा कोपराही जातो. मग ना कार्डाला किंमत, ना तिकिटाला.

शेठजी म्हणत, "वरातीतून नवरदेव एकटा उचलून आणला तं कोणी पंगत वाढते का?"

मी सगळ्यात मोठ्याने हसायचो. चोराच्या मनात चांदणं!

*

नाचणगावात एका म्हाताऱ्याकडे तारेत टोचलेली जुनी पत्रं आहेत, असं वानखेडे भाऊंना कळलं. तेव्हा घरोघरी तीच रीत, वाचलं की तारेत! भाऊ भरउन्हात सायकल हाणत गेले. एकेक कार्ड काढून पाहिलं. प्रत्येकाच्या मधोमध भोक, अन् भोकाभोवती गंज. भाऊंचं तोंड उतरलं.

म्हातारा म्हणाला, "घ्या ना जी! भोकाचे पैसे थोडीच मांगून राह्यलो!"

भाऊ रिकाम्या हाताने परतले. महिन्याने राहवेना म्हणून पुन्हा गेले, तर पत्रं पाणी तापवायच्या बंबात गेली होती. भाऊ अजून हळहळतात. "भोकंच पाहत बसलो गड्या, आतलं एकबी नाई वाचलं."

*

मग जाहिरात छापलेलं स्वस्तातलं पोस्टकार्ड निघालं. वापरलेल्या कार्डाला पोस्टाचा ठप्पा स्वच्छ पाहिजे, म्हणून भाऊंनी एका खेड्यात जाऊन स्वतःच्याच नावाने कार्ड टाकलं. तिथला पोस्टमन ओळखीचा. बाजाराच्या दिवशी तो कार्ड हातोहात घेऊन आला, कोरं करकरीत!

"भाऊ, तुमचंच निघालं. एवढं चांगलं कार्ड, ठप्पा मारून काऊन खराब करू?"

भाऊंनी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार!

*

शेठजींच्या संग्रहात सहाशे कार्डं, अन् सगळीकडे सर्व खुशाल! वाईट बातमीचं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडतात. त्यामुळे आमच्या संग्रहात कोणी मरतच नाही.

शेठजींच्या मेव्हण्याच्या जाण्याचं कार्ड आलं, तेही त्यांच्या आईने वाचताक्षणी फाडलं. शेठजी खाली बसून तुकडे गोळा करू लागले. हे एकदाच सांगितलं त्यांनी, मान खाली घालून. "आधी ठप्पा पाह्यला, मंग रडलो."



*

एका रविवारी माझ्या पिशवीत चुकून आलेला तो कापलेल्या तिकिटांचा जुना अल्बम शेठजींच्या हाती लागलाच.

"हा कचरा काऊन ठेवला रे? पाण्यात टाकून सोडव. पानं तरी कामी येतीन!"

माझ्या होस्टेलच्या दिवसांत आई आष्टीला असायची. पन्नाशीला टेकल्यावर साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकली अन् मला कार्डं पाठवू लागली. पेन्सिलीने, बोटाएवढ्या अक्षरांत. एकदा होस्टेलवर भेटायला आली, तेव्हा तिला ती कापलेली कार्डं दिसली.

"काऊन कापून राह्यला रे?"

"तिकिटं जमवतो मी, आई."

"हो का," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिची कार्डं विचित्रच येऊ लागली. डावीकडचा वरचा कोपरा कोरा, अन् सगळं लिहिणं त्याच्या खालून सुरू. मी खोलीतल्या पोरांना दाखवायचो, "पाहा रे, माझ्या आईले कागद कुठून सुरू करावा तेबी समजत नाई!" सगळे खो-खो हसायचे. मीही हसायचो. आठवलं की आजही लाज वाटते.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्या रविवारी घरी येऊन परातीत पाणी घेतलं अन् अल्बममधली आईच्या कार्डांची तिकिटं क्रमाने भिजवली. सुटली तशी उलटी करून पेपरवर वाळत मांडली. पेन्सिलीचं लिहिणं पाण्याने गेलं नव्हतं. पहिल्या नऊ तिकिटांच्या मागे, प्रत्येकावर, "चि. प्रकाशले" एवढंच होतं.

बाकीची सगळी कोरी होती.