मामीची साक्ष

माझी मामी खुर्चीवर कधी पूर्ण बसायची नाही. काठावर टेकायची, मान स्वयंपाकघराच्या दाराकडे. समोर चहा ठेवला तरी दोन घोट घेऊन उठायची, आत डोकावून यायची, पुन्हा काठावर. पाहुणे म्हणायचे, "मामी, जरा नीट बस गो." ती म्हणायची, "बसलंय मां," आणि लगेच परत उठायची.

पूर्वी ती अशी नव्हती. मामा आचारी होता. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत लग्न ठरलं की लोक हॉलच्या आधी मामाला तारीख विचारत. वाटपाचं कांदा-खोबरं भाजलं जात असताना तो चुलाण्यापासून लांब उभा असायचा आणि नुसत्या वासावर सांगायचा, "आता उतरा." घरी मात्र तो चुलीला हात लावत नसे. मामी रांधायची, आणि तो वाटेवरूनच काय शिजलंय ते ओळखत घरात यायचा. मामी ते ऐकण्यासाठी पडवीत येऊन थांबायची.

इन्सुलीला एका लग्नाचं जेवण आटपून मोटारसायकलवरून परत येताना त्याला टेम्पोने उडवलं. हातापायांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. मार सगळा डोक्याला. गोव्याच्या इस्पितळात तो बरेच दिवस बेशुद्ध होता. मग शुद्धीवर आला, बोलायला लागला, आपल्या पायांनी घरी आला. गावाने सुटकेचा श्वास सोडला. केस वाढले तशी टाक्यांची खूणही झाकली गेली.

घरात काय झालंय ते फक्त मामीला कळत होतं. मामाला वास येईनासा झाला होता, जिभेला चवही कळत नव्हती. कोणत्या कामामागून कोणतं काम करायचं ते त्याच्या डोक्यात राहत नव्हतं. तांदूळ धुवायचा, आणि धुतलेले तांदूळ मागीलदारी ओतून यायचा. कधी शर्टाचं बटण लागलं नाही म्हणून असा चिडायचा की मामी दार लावून बाहेर उभी राहायची. एकदा ती विहिरीवरून आली तेव्हा घरभर गॅस भरलेला होता. बटण फिरवून तो काडी लावायला विसरला होता आणि तिथेच पाटावर शांत बसला होता. त्या दिवसापासून मामी काठावर बसायला लागली.

त्यांना मूल नव्हतं. मी सावंतवाडीला शिक्षिका, जवळची तेवढीच. त्यामुळे टेम्पोच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला तेव्हा कोर्टाच्या तारखांना मामीसोबत जाणं माझ्याकडे आलं. ओरोसच्या जिल्हा कोर्टात जायच्या एसटीत मामा खिडकीशी, मामी मध्ये आणि मी कडेला, अशी आमची बसायची पद्धत ठरून गेली. किती तारखा पडल्या ते आता आठवत नाही. निम्म्या वेळा पुढची तारीख घेऊन परत यायचो.

आमचे वकील वयस्कर होते, सावकाश बोलायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "मामी, कोर्ट मुख्यतः तीन गोष्टी बघतं. माणूस कमवत किती होता, त्याचं वय काय, आणि अपंगत्व किती टक्के."

"टक्के खंयचे?" मामीने विचारलं. "हातापायाचे, की डोक्याचे?"

वकिलांनी अपंगत्वाचा दाखला उघडला. दाखल्यावरचा आकडा लहान होता, कारण हातपाय चालत होते. "कागदावर शरीराचे आहेत," ते म्हणाले. "आपल्याला दाखवायचंय ते हे, की आचारी म्हणून ते आता उभे राहू शकत नाहीत. त्या कामापुरतं सगळंच गेलंय." मग त्यांनी आणखी एक गोष्ट काढली. मामाकडे दिवसभर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा खर्चही मागता येतो.

"बघतंय तर मीच."

"तोच. तुमच्या कष्टांचा."

मामी उठून दारापर्यंत गेली. "घोवाक बघूचे पैशे मागू? माका नाय जमाचा ता. लोक काय म्हणतले?"

त्यावर बरेच महिने गेले. मग विमा कंपनीकडून निरोप आला की लोकअदालतीत तडजोड करा, अमुक रक्कम देतो. मुंबईहून मामीचे दीर फोनवर सांगत होते, "वहिनी, घेऊन टाक. हे असंच चालत राहील." मामी थकली होती. सही करायच्या तयारीनेच आम्ही वकिलांकडे गेलो. पेन हातात घेतल्यावर तिने विचारलं, "वकिलानू, मी मेल्यार ह्या पैशांत त्यांका कोण बघतलो?"

"काही वर्षं निघतील," वकील म्हणाले. "पुढचं मी खोटं सांगणार नाही."

मामीने पेन खाली ठेवलं. "तर मग ता मागा, तुमी म्हणालास ता. माका नको. माझ्या माघारी जी कोण येतली, तिच्यासाठी मागा."

मामाला न्यायाधीशांसमोर न्यायचं ठरलं तेव्हा दिरांचा पुन्हा फोन आला. त्या सकाळी डोकं शांत ठेवायची गोळी देऊ नकोस, उपाशी ठेव, म्हणजे तो कसा वागतो ते कोर्टाला दिसेल. मामीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, त्यांका लोकांत हसा करून माका काय गावतला?" तिने मामाला वेळेवर गोळी दिली, पेज जेवू घातली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, भांग पाडला. आणि मामा इतका शहाण्यासारखा वागला की काय सांगू. नाव सांगितलं, गाव सांगितलं, हात जोडून न्यायाधीशांना विचारलं, "सायेब, जेवलास?" कंपनीचे वकील हसले आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

परतीच्या एसटीत मामा झोपला. मामी त्याच्या कॉलरवरचा घाम पुसत म्हणाली, "आज किती बरे वागले, नाय गो?" तिला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती.

पुढच्या तारखेला तिची साक्ष झाली. घरून निघताना तिने प्रमाण मराठीत बोलायचं ठरवलं होतं, आणि सुरुवातीला बोललीही. मामाची कमाई, वास जाणं, गॅसचा प्रसंग, सगळं नीट सांगितलं. मग कंपनीचे वकील उभे राहिले. त्यांचा आवाज चढा नव्हता.

"तुम्ही यांच्या पत्नी आहात. नवऱ्याची सेवा तुम्ही प्रेमाने करता, बरोबर?"

"हो."

"त्यासाठी तुम्हाला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत?"

"नाही."

"म्हणजे खर्च काहीच नाही."

मामी कठड्याला धरून उभी होती. बोलली ती मालवणीतच. "प्रेमान करतंय, म्हणान तर इतकी वर्सां झाला. पण माझ्या माघारी जी येतली ती प्रेमान येवची नाय. ती पगारान येतली. आज मी करतंय म्हणान त्या कामाक मोल नाय असा कसा होतला?"

न्यायाधीशांनी लेखनिकाला ते उत्तर जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं. बाहेर आल्यावर मामीने मला विचारलं, "मी वायट बोललंय काय गो?"

निकाल लागला. मागितलं त्यापेक्षा कमी, पण तडजोडीत देऊ केलं होतं त्याहून बरंच जास्त. मामाचं आचाऱ्याचं काम पूर्ण गेलं हे कोर्टाने मानलं, देखभालीचा खर्चही मानला. वकील खूश होते. जाता जाता मामीने त्यांना विचारलं, "घरात येताना ते काय रांधलाय ता सांगीत. ता खंय धरलास?" वकील म्हणाले, "मामी, त्याला कायद्यात रकाना नाही." तिने मान हलवली. तिची तक्रार नव्हती, नुसतं विचारून ठेवलं होतं.

कंपनी अपिलात गेली. ते मुंबईला हायकोर्टात पडून राहिलं, आणि शेवटी थोडं कमी घेऊन मिटवलं. पैसे बँकेत जमा झाले त्या दिवशी मी तिला विचारलं, आता बरं वाटतं का. ती म्हणाली, "न्याय झालो काय नाय, ता माका सांगूक येवचा नाय. दमलंय मात्र."

त्या पैशांच्या व्याजावर प्रमिला नावाची बाई दुपारी यायला लागली. मामीला वाटलं होतं त्या वेळात झोपावं, पण तिला झोप येत नसे. मग तिने दुसरंच सुरू केलं. रविवारी ती मामाला रांधायला बसवायची. शेजारी उभी राहून एकेक जिन्नस हातात द्यायची. झालं की तो चमचा तिच्यापुढे धरायचा. मीठ जास्त पडलं तर जास्त म्हणायची, करपलं तर करपलं म्हणायची. मी एकदा म्हटलं, बरं झालंय म्हणावं गं, त्याला कुठे कळतंय. ती म्हणाली, "कळणा नाय म्हणान तर खरा सांगूचा."

गेल्या वर्षी एका दिवसाच्या दुखण्यात मामी गेली. आता प्रमिला दिवसरात्र तिथेच असते आणि रविवारी मी जाते. मामा रांधतो, मी जिन्नस हातात देते. परवा त्याने डाळीचा चमचा माझ्यापुढे धरला. डाळ खारट झाली होती.

"मीठ जास्त झाला, मामा," मी म्हटलं.

त्याने चमचा निरखून पाहिला. "थांब, तिका इचारतंय," म्हणाला आणि आतल्या खोलीकडे गेला. मी त्याला थांबवलं नाही. परत येईपर्यंत आपण कशाला गेलो होतो ते तो विसरलेला असतो.