चार दिवसांची पट्टी

बाबांची पाठ सत्यनारायणाच्या नवसानं बरी झाली, असं आमच्या रिठदच्या घरात आजही सांगतात. सांगोत बापडे. ती पाठ अडीच महिने रोज सकाळी मी धुतली, मी भरली आणि मी बांधली, आणि एवढं लिहून ठेवायला आता मला कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी बाबांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, काळपुळी उठली. घरी पोटिसं बांधून झाली, झाडपाला झाला, ताप चढला, तेव्हा दादानं त्यांना वाशीमहून रेल्वेनं अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पुळी उभी-आडवी चिरून आतलं सडकं मांस काढलं. अशी जखम शिवत नाहीत. ती उघडी ठेवून तळापासून भरू द्यायची असते, म्हणजे रोज आतली पट्टी ओढून काढायची, जखम धुवायची, नवी पट्टी भरायची. घरी आणल्यावर हे कोण करणार, हा प्रश्न आला. दादानं एकदा पट्टीखाली पाहिलं आणि बाहेर जाऊन ओकला. वहिनीनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदरही हलू द्यायचा नाही, तिथं उघड्या पाठीला हात लावायची गोष्टच सोडा. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मग शेलूबाजारला माझ्या सासरी निरोप आला. लग्न झालेली लेक एरवी परक्या घरची, पण पू पुसायला ती आपली असते.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, पोरबाळ नव्हतं. दवाखान्यातले शेवटचे तीन दिवस मी बाबांजवळ राहिले आणि तिथल्या नर्सबाईनं मला सगळं शिकवलं. कोपरापर्यंत साबण लाव. चिमटा, कात्री, पट्ट्या पाण्यात खळखळ उकळू दे. पट्टी भरताना एकही कोपरा रिकामा सोडू नको. आणि एकही दिवस चुकवू नको, वरून कातडी मिटली आणि आत पू राहिला तर पुन्हा चिरावं लागेल. बाई कडक होती, पण हात हलका होता. पंधरा दिवस तिनं बाबांची पट्टी केली होती.

घरी माझी सकाळ चुलीवर पाण्याचा गंज चढवण्यापासून सुरू व्हायची. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून मी त्या उकळायची. बाबा खाटेवर पालथे पडायचे. माझे बाबा म्हणजे गावात वजन असलेला माणूस. माझ्या लग्नाआधी ते माझ्याशी दिवसाला एखादं वाक्य बोलत असतील, तेही पाणी आण, वैरण टाक, असलं. आता ते माझ्या हातात होते. वाळलेली पट्टी ओढताना ते खाटेचं गात, कडेचं लाकूड, धरून म्हणायचे, “ओढ पोरी. थांबू नोको.” झाल्यावर एखाद्या दिवशी म्हणायचे, “तुहा हात त्या बाईपेक्षा हलका हाय.” मला ते ऐकून इतकं बरं वाटायचं की दिवसभर मी तेच घोळवत बसायची. किती कमी लागायचं मला तेव्हा.

दोन आठवडे झाले आणि मी बाहेर बसले. दशमी होती. कावळा शिवलेल्या बाईनं चार दिवस कुणाला शिवायचं नाही, हे तर होतंच, पण आमच्याकडे अशा बाईची सावलीसुद्धा जखमेवर पडली तर जखम चिघळते असं मानत. मायनं मला गोठ्याशेजारच्या छपरात घोंगडी दिली. मी तिथून ओरडून सांगितलं, दादाला सांग, नुसती जुनी पट्टी काढून नवी भरू दे, मी इथून सांगते कशी ते. दादानं आतल्या पट्टीला हात लावला नाही. वरून हळद-तेलाची चिंधी ठेवली आणि मोकळा झाला. चारही दिवस तेच.

पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मी आत गेले तर खोलीत वास मारत होता. बाबांना ताप होता. चार दिवसांची पट्टी आत कुजून चिकटली होती, आणि ती निघाली तेव्हा बाजूला बोट जाईल एवढी नवी पोकळी दिसली. त्याच दुपारी गाडी जुंपून वाशीमला नेलं. डॉक्टरांनी पुन्हा चिरलं. बाबांना ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टर रागावले, पट्ट्या कोण करतं म्हणून विचारलं, तर दादानं माझ्याकडे बोट केलं.

घरी आल्यावर माय म्हणाली, “तू छपराच्या तोंडाशी बसत होती. उतरत्या उनात सावली पडली तुही.”

मी म्हटलं, “माय, सावलीनं नाही, पट्टी न बदलल्यानं झालं. दवाखान्यातल्या त्या बाईले कोणी इचारलं होतं काय, आज बसली का उद्या बसते म्हणून?”

“तो दवाखाना होय,” माय म्हणाली. “हे घर होय.”

खोलीत बाबा जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते काही बोलले नाहीत. आजारी माणूस आहे, असं म्हणून मी त्यांना तेव्हा माफ करून टाकलं.

पुढच्या महिन्यात जखम तळापासून छान लाल भरत आली होती, आणि मला पुन्हा आली. मी कुणाला सांगितलं नाही. लपवणं अवघड गेलं नाही, कारण रक्ताच्या चिंध्या मी रोजच नदीवर धुवायला नेत होते, त्यात माझ्याही गेल्या. भीती मात्र खूप वाटली. लहानपणापासून जे डोक्यात भरलेलं असतं ते एका नर्सबाईच्या शिकवणीनं जात नाही. पहिल्या दिवशी माझी सावली जखमेवर पडू नये अशी बाजू धरून मी पट्टी भरली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पालथ्या पडल्या पडल्या विचारलं, “आज तिथी कोणती?”

“द्वादशी.”

त्यांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. मग म्हणाले, “मागच्या खेपेले तू बसली तवा दशमी होती.”

माझा चिमटा जागच्या जागी थांबला.

“भर पट्टी,” बाबा म्हणाले. “उघडी नोको ठेवू.”

मी पट्टी भरली. मग चुलीपाशी जाऊन पोटभर रडले, आणि ते आनंदाचं रडणं होतं. माझ्या बापाला कळलं होतं आणि त्यानं पाठ माझ्या स्वाधीन केली होती. चारही दिवस पट्टी झाली. जखम चिघळली नाही, उलट कडांनी कातडी धरायला लागली.

तीन आठवड्यांनी ती पूर्ण मिटली. मायनं नवस बोलला होता, म्हणून पूजा ठरली. बाबा नवं धोतर नेसून, उपरणं घेऊन पाटावर बसायला निघाले होते. भटजी यायचे होते, ओसरीवर भावकीतले चार लोक जमले होते. तेवढ्यात वहिनी मायच्या कानाशी लागली. माय माझ्याजवळ आली आणि सगळ्यांदेखत विचारलं, “तू ह्या महिन्यात बसली काहून नाही?”

ह्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. नाहीच आली म्हणावं, तर पोट आलं; आणि नवरा शेलूला, मी इथं, आधीच्या महिन्यात मला बाहेर बसलेली साऱ्या गल्लीनं पाहिलेली. आली म्हणावं, तर चार दिवस घर बाटवलं, चूल बाटवली, बापाला बाटवलं. खरं काय ते मला आणि बाबांना माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. “मले माहीत होतं,” एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. त्यांच्यापुढे त्या घरात कुणाची ब्र काढायची छाती नव्हती. बाबा चौरंगाला बांधलेले केळीचे खांब पाहत राहिले.

मायनं दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, “आली होती. चारही दिवस मीच पट्टी केली.”

कुणी आरडाओरडा केला नाही. दादा खाली मान घालून गाडी जुंपायला गेला, मला शेलूला पोचवायला. वहिनीनं गोमूत्राची वाटी आणली. माय ती घेऊन बाबांकडे वळली, आणि बाबांनी कुणी न सांगता उपरणं काढलं आणि पाठ तिच्याकडे केली.

मायला नीट दिसत नव्हतं. तिनं ओंजळभर गोमूत्र ओतलं आणि पदरानं खसाखसा पुसायला लागली. ती कातडी आठ दिवसांची, पातळ, गुलाबी. माझ्या तोंडून निघून गेलं, “माय, घासू नोको. कच्ची हाय अजून.”

“तू दूर राह्य,” बाबा म्हणाले.