गच्चीवरचा चॅनल

जी गोष्ट बोनकोड्यातून चालत गाठता येत नाही ती बातमीच नव्हे, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा घरमालक निघाला. साताऱ्याहून नोकरीसाठी नवी मुंबईत आलो, तेव्हा कोपरखैरण्याच्या पोटात दडलेल्या या जुन्या गावात त्यांच्या इमारतीत मला खोली मिळाली. खाडीकाठची भातशेती जाऊन तिथे सेक्टर आले, त्या उलथापालथीत गावातल्या इतरांनी दुकानं थाटली, बांधकामं घेतली; आमच्या मालकांनी गच्चीवर पत्र्याची खोली बांधली आणि टीव्हीचा चॅनल काढला. आसपासच्या केबलवर तो दिसायचा. जाहिरात मात्र औषधालासुद्धा नाही. "हा पब्लिकचा चॅनल हाय. पब्लिकच्या घरान आपन काय विकायला जायाचा काय?"

खोली देताना त्यांनी माझी जात विचारली नाही की लग्न विचारलं नाही. जिन्यातली 'पाणी जपून वापरा' ही पाटी तेवढी मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली आणि त्यांचा चेहरा खुलला. "तुमचा ण बरोबर लागतो. आमचे जिभेला तो चढतच नाय. उद्यापासून सातच्या बातम्या तुमी वाचा!" अशा रीतीने, बँकेतून येऊन पायाला पाणी लागायच्या आत, मी रोज संध्याकाळी गच्चीवर बसून अमक्या गल्लीत उद्या वीज नाही आणि तमक्यांची शेळी सापडली आहे, असं गंभीर चेहऱ्याने सांगू लागलो.

बाकीचे कार्यक्रमही मालकांच्याच डोक्यातून निघत आणि त्यांना कात्री लावायची सोय नसे. सकाळी आरती झाली की खाडीची भरती लागायची. तिवरांकडे तोंड केलेला कॅमेरा आणि तासभर नुसतं चढणारं पाणी. "थोडं कापूया का?" असं मी एकदा भीतभीत सुचवलं, तर माझ्याकडे कीव येऊन बघत म्हणाले, "भरतीला कोन कापतो?" दुपारी गावातली लग्नं, हळदीपासून पाठवणीपर्यंत. पंगतसुद्धा पुरती दाखवत. त्यात एक मधुमेही गृहस्थ चौथ्या लाडवाला हात घालताना दिसले आणि त्यांच्या घरी आठवडाभर अबोला झाला. सगळा देश क्रिकेटच्या अंतिम सामन्याला चिकटला होता, त्या दिवशी मालकांनी गावातल्या अंडरआर्म स्पर्धेची फायनल लावली. जुईनगरहून कोणीतरी फोन केला, "काका, निदान खाली पट्टीत तिकडचा स्कोअर तरी द्या ना! टेन्शन आलंय इथे." मालक शांतपणे म्हणाले, "तिकडं बघनारे लय हायत. हितल्या पोरांना कोन हाय?" आणि फोन ठेवला.

पुढे घरोघर टीव्हीला केबलचे नवे डबे आले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी आपला इस्त्रीचा शर्ट घालून बातम्या वाचतच होतो. एके दिवशी बँकेतला सहकारी म्हणाला, "हल्ली दिसत नाहीस रे? नव्या डब्यात तुमचा चॅनलच नाही. तीन आठवडे झाले." मी तावातावाने गच्चीवर गेलो. मालक कॅमेऱ्याची काच पुसत होते.

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "चला खाली."

तळमजल्यावरच्या खोलीत त्यांची थोरली बहीण खाटेवर पडून होती. तिला ते 'बाय' म्हणत. जन्मभर मिठागरात राबलेली ही बाई, पाय घसरून पडल्यापासून वर्षभर अंथरुणालाच खिळली होती. गच्चीवरून आलेली एक वायर खिडकीतून थेट तिच्या टीव्हीत शिरली होती.

"तिला गावान जाता येत नाय," मालक म्हणाले, "म्हनून गाव तिच्याकडं धाडतो."

बायने मला नीट न्याहाळलं. "काल खोकत होतास तू. काढा घेतलास का?"

त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही. उलट बातम्या वाढल्या: कोणाला मुलगी झाली, बाजारात खाडीतली निवट्या मासळी आली का. बायच्या दुरुस्त्याही येत. "त्याला सांग, तळ्यावरचा पिंपल नाय, वड हाय तो!" दुसऱ्या दिवशी मी दिलगिरी व्यक्त करायचो.

थंडीत एका सकाळी बाय गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी मालक माझ्या दारात उभे राहिले.

"वाचाल काय?"

"आता कोणासाठी, मालक?"

"तिची बातमी ऱ्हायली."

त्यांनी कॅमेरा लावला आणि ते खाली निघून गेले. रिकाम्या खोलीत मी वाचलं: मिठागरात तिने किती हिवाळे-उन्हाळे काढले, आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच कसं वाढवलं. दोनदा ओळ चुकलो. मी तसाच पुढे वाचत गेलो.

खाली आलो तर मालक खाटेच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून टीव्हीसमोर बसले होते.

"इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या मागंच उभा," ते म्हणाले. "बघायला कवा बसलोच नाय. चांगला दिसतं सगला."

मी त्यांच्या शेजारी बसलो. टीव्हीवर गच्चीवरची माझी रिकामी खुर्ची दिसत होती. आम्ही दोघं ती बराच वेळ बघत राहिलो.