ठिपका थांबतो तेव्हा

आमच्या लॅबमधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास बसावं लागतं, म्हणून माणसं बोलतात आणि किस्से साचत जातात!

*

माझा पहिला दिवस. सर म्हणाले, "पेशीच्या इवल्याशा केंद्रकात दोन मीटर डीएनए कोंबलाय. त्यात एक प्रोटीन फिरत फिरत आपली नेमकी जागा शोधतं. ते तिथं बसलं की जीन चालू!"

मी म्हणालो, "सर, मला लोकेशन असून गारखेड्यात मित्राची रूम सापडली नाही!"

सर हसले नाहीत. "मग हात जोड त्याला," म्हणाले. मी खरंच जोडले, राव!

*

सुनीता आमची पीएचडीवाली, करमाडकडची. तिनं त्या प्रोटीनला चमकणारा रंग जोडला. स्क्रीनवर पहिला ठिपका पळताना दिसला आणि बाई उडीच मारून उठली! टेबलाला गुडघा लागला, मायक्रोस्कोप हलला, ठिपका गायब!

सरांनी दारावर पाटी लावली: 'आनंद बाहेर जाऊन व्यक्त करावा.'

*

पुढं मात्र तिचं हसणंच बंद झालं. पेशीत प्रोटीनला जागा काही मिनिटांत सापडते. ठिपक्यांच्या पळण्यावरून मांडलेल्या सुनीताच्या गणितात दिवस लागत होते! थिसिस द्यायला महिना उरलेला. सर म्हणाले, "गणित जुळलं नाही तर थिसिस अडकला." पोरगी डबासुद्धा उघडेना. मला लई वाईट वाटायचं.

*

एका दुपारी तिचे वडील भाकरी घेऊन आले. अण्णांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. चपला बाहेर काढून ते स्क्रीनसमोर बसले आणि बघतच राहिले.

"हे काय धुंडतंय?"

"आपली जागा," सुनीता म्हणाली.

"एवढुसं हाय, पण लई गुणाचं हाय!"

मी शहाणपणा केला. "अण्णा, मधे मधे ते उगंच क्षणभर थांबतं. तसलं थांबणं कचरा म्हणून आम्ही काढून टाकतो." आमच्या लॅबची ती जुनी रीतच होती.

अण्णांनी माझ्याकडं वळून बघितलं. "थांबणं काढलं? मेंढरू तोंड लावल्याबिगर चारा धुंडतं व्हय? मंग ह्येनं धुंडलं कवा?"

सुनीताचा माऊसवरचा हात थांबला. तिनं तिथंच काढून टाकलेलं सगळं परत घातलं, प्रत्येक थांबणं म्हणजे एक जागा तपासून झाली असं धरलं आणि गणित नव्यानं लावलं. भाकरी गार झाली. अण्णा शेजारच्या स्क्रीनवर ठिपकेच बघत होते. संध्याकाळी आकडा आला: मिनिटं!

सुनीता हळूच उठली. टेबलाला धक्का न लावता बाहेर गेली, दार लावून घेतलं आणि कॉरिडॉरमध्ये अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरची माणसं धावत खाली आली.

अण्णांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. म्हणाले, "हळू गं माय! ते बिचारं धुंडतंय अजून."