लाल फुली आणि चिमूटभर अक्षता

मंडळी, आधीच सांगतो — असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की सगळ्यात मोठ्यानं हसणारा मीच. घराणं भिक्षुकांचं, पण मी पडलो कॉम्प्युटरवाला. संभाजीनगरात कारखान्यांमध्ये सॉफ्टवेअर टाकून देतो. आता तुम्ही हसा मला... पण आधी ऐका!

वाळूजला सुमनकाकूंचं छोटं वर्कशॉप आहे. काका गेले, तेव्हापासून त्याच चालवतात. त्या दिवशी चार वाजता एका मोठ्या कंपनीची माणसं नमुन्याचा पार्ट बघायला येणार होती. पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाहीतर शेडला कुलूप! आणि तो पार्ट कापायला मशीनच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर हवं होतं.

सेटअप सुरू केला. तो आधी तपासतो — मेमरी पुरेशी आहे का, डिस्कवर जागा आहे का, लागणारे बाकीचे भाग आहेत का. सगळ्यांपुढं हिरवी टिक, आणि एकापुढं लाल फुली! कुठलासा जुना रनटाइम, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लागणारा एक जोडभाग, नव्हता. नेटवर शोधला, तर बनवणाऱ्यांनीच तो काढून टाकलेला. मित्रांना फोन केले, कुणाकडंच नाही. 'पुन्हा तपासा' दाबलं — लाल. परत दाबलं — लालच!

काकू मशीनच्या पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. "काय अडलं रे मंदार?"

"एक गोष्ट कमी आहे काकू. तिच्याशिवाय हे पुढं सरकत नाही."

"मंग त्यात काय? तुझे वडील आमच्याकडं सत्यनारायण सांगायला यायचे, तवा काय म्हणायचे? जे नसंल, त्याच्या जागी अक्षता!" आणि कॉम्प्युटरवर चिमूटभर वाहिल्यासुद्धा. "दाब आता."

"काकू, हा काय चौरंग आहे का?" मी वैतागून बटण दाबलं आणि... हिरवी टिक! आईशप्पथ, खुर्चीतून उडालोच मी!

सॉफ्टवेअर बसलं, मशीन फिरलं, पार्ट पसंत पडला. काकू हसत हसतच रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू!

ती माणसं गेल्यावर मी कॉम्प्युटर उलटापालटा केला. तो रनटाइम कुठंच नव्हता... आजही नाही! तरी सॉफ्टवेअर झकास चालतंय. मग घरी तसल्याच जुन्या कॉम्प्युटरवर तोच सेटअप लावला, आणि बायको बघत नाहीये ना याची खात्री करून वर अक्षता टाकल्या. लाल फुली!

काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "आरं, तुझ्या घरच्या कॉम्प्युटरवर कुणाचं पोट हाय का?"

जाणकारांना विचारून झालं, कुणालाच कारण सांगता आलं नाही. आणि काकूंच्या त्या कॉम्प्युटरवर 'पुन्हा तपासा' दाबायची माझी अजून छाती होत नाही.