बाळंतिणीची पहिली घागर

घागर पाण्यावर आडवी टेकवली की तिच्या अरुंद गळ्यातून एक आवाज निघतो. बुडुक, बुडुक, बुडुक... सुरुवातीला उतावळा, मग संथ, आणि घागर भरत आली की पिऊन तृप्त झालेल्या तान्ह्यासारखा आपोआप मिटत जाणारा. सांगलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात बाटली भरताना त्या आवाजाची एखादी सुटी मात्रा चुकून कानी येते, आणि मन कृष्णाकाठ सोडून आटपाडीकडच्या माझ्या कोरड्या माहेरी निघून जातं. वाटेत ऊस संपतो, बाभळी लागतात, मेंढरांचे कळप दिसू लागतात आणि माळाच्या कुशीत आमची दगडी बारव उघडते. स्मृतीलाही तहान लागते का हो? माझ्या स्मृतीला तरी लागते, आणि ती नेमकी त्या हिरवट पाण्यापाशीच जाते!

किती देखणी होती ती बारव! भर वैशाखात बाहेर माळ तापलेला असायचा आणि आत पायरीगणिक गारवा वाढत जायचा. कपारींत पारवे घुमायचे. तळाशी, कोनाड्यात, शेंदूर माखलेल्या सात आसरा बसलेल्या. पाण्याच्या त्या राखणदारणी. बायका घोट्यापर्यंत पाण्यात उतरायच्या, शेवाळ हातानं बाजूला सारायच्या आणि घागर टेकवायच्या. त्यातल्या कित्येकींच्या पायांत नारूचा दोरा लोंबत असायचा, चिंधीनं बांधलेला. तो जंत त्याच पाण्यातून पोटात जातो आणि पायावाटे पुन्हा त्याच पाण्यात उतरतो, हे कुणाला ठाऊक होतं? आम्ही ते पाणी ओंजळीनं प्यायलो आणि गोड मानलं. खरं सांगायचं तर ते गोडच होतं.

या बारवेवरची सगळ्यांत दिमाखदार बाई म्हणजे माझी धाकटी चुलती, हौसाकाकी. डोक्यावर दोन घागरी आणि कडेवर कळशी घेऊन ती पायऱ्या चढायची तेव्हा थेंब सांडत नसे. पाण्याच्या बाबतीत तिच्याइतकी चिक्कू बाई मी पाहिली नाही. पाव्हण्यानं अर्धा पेला ठेवला तर त्याच्यासमोरच ती तो उचलून पपईच्या बुडाशी ओतायची. आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी शेळीच्या पाटीत. मी लहानपणी एकदा दारात चूळ भरली तर केवढी कडाडली होती! "पोरी, पानी हाय ते, थुंकी न्हवं!" आजही बेसिनपाशी उभी राहिले की हात आपसूक नळ बारीक करतो.

आमच्याकडची रीत अशी, की बाळंतिणीनं सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मग न्हाऊनमाखून, हिरवा चुडा भरून बारवेवर जायचं, आसरांना हळदीकुंकू वाहायचं, घुगऱ्या ठेवायच्या आणि आपल्या हातानं पहिली घागर भरायची. त्या घागरीतल्या पाण्याचं बोट बाळाच्या ओठांना लावलं की बाळ गावाचं झालं. काकीच्या पहिल्या लेकीच्या वेळी घुगऱ्यांची वाटी माझ्या हातात होती. केवढा कौतुकाचा तो दिवस! हलगी वाजत होती, काकी हळदीत न्हाल्यासारखी पिवळी दिसत होती. बाळीच्या इवल्या जिभेनं ते पाणी चाटलं तेव्हा सगळ्या बायका हसल्या.

आठवडा सरायच्या आत बाळीला हगवण लागली आणि ती गेली. म्हाताऱ्या बायकांनी एका वाक्यात निवाडा केला: काकीकडून हळद वाहताना काही चुकलं, आसरा कोपल्या. मग पुढच्या लेकाच्या वेळी दुप्पट घुगऱ्या ठेवल्या आणि त्याच्या ओठांना पाणीही दुप्पट लावलं! आज वाचताना अंगावर काटा येतो ना? पण त्या बायका दुष्ट नव्हत्या. त्यांच्याजवळ जेवढी समज होती तेवढीच माया होती, आणि दोन्ही त्यांनी एकाच घागरीत भरल्या होत्या. मुलगा दणकट निघाला, जगला. काकी मात्र त्यानंतर आसरांसमोर मान वर करून कधी उभी राहिली नाही.

पुढे दवाखान्याची माणसं आली. बारवेत पाय घालू नका म्हणाली, पाणी फडक्यानं गाळा, उकळा, माठात हात न बुडवता ओगराळ्यानं काढा. त्या लांब दांड्याच्या ओगराळ्याला बायका आधी हसल्या आणि मग त्याच्याविना त्यांचं पान हलेना. नारू गेला. आता तर दारोदार नळ आहेत. दिवसाआड का होईना, नितळ पाणी येतं. अंगणात संडास आहे. पहाटे तांब्या घेऊन घोळक्यानं माळावर जाणं संपलं, आणि पावसापाण्यात, आजारपणात, गरोदरपणात उजाडायच्या आत उरकण्याची ती लाजिरवाणी घाईही संपली. तरी माझ्यासारखीला त्या घोळक्यातलं हसणं आठवतंच. काकीला हे बोलले तर तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुला आटवतंय हसनं. मला काटं आटवत्यात," ती म्हणाली, आणि संडासाच्या दाराची कडी फडक्यानं पुसू लागली. स्मरणरंजन ही बहुधा गाव सोडून गेलेल्यांचीच चैन असावी.

गेल्या पावसाळ्यानंतर काकीची सून शीतल बाळंत झाली. ती आष्ट्याची, नदीकाठची, स्पष्ट बोलणारी. मुलगी झाली. सव्वा महिना भरत आला तसा घरात अबोला शिरला, आणि तो मिटवायला मला सांगलीहून बोलावणं आलं. काकी एवढंच म्हणत होती, "बारवंवर जायाचंच." आणि शीतल पदर खोचून मला सांगत होती, "ताई, म्या देवीला नगं म्हणत न्हाई. पाया पडते, चार येळा पडते. पन त्या पान्याचं बोट माज्या लेकीच्या व्हटाला लागू द्यायची न्हाई. शेवाळ धरलंय त्यात. मग कुनी कायबी म्हनू दे." कुणाची बाजू घ्यायची? एकीच्या मागे साऱ्या पिढ्या उभ्या होत्या, दुसरीच्या कुशीत सव्वा महिन्याचं बाळ होतं. मी काकीला समजवायला गेले तर ती पपईच्या बुडाशी पाणी घालत राहिली. म्हणाली, "सकाळी बग."

सकाळी नळ आला. काकीनं आपली जुनी तांब्याची घागर चिंचेनं घासून लख्ख केली, नळाखाली शीतलच्या हातानं भरून घेतली, वर फडकं बांधलं आणि ती स्वतःच्या डोक्यावर घेतली. बारवेवर भरलेली घागर घेऊन कोण जातं? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, पण काकीला विचारण्याची प्राज्ञा कुणाची? गुडघे कुरकुरत असतानाही ती एकेक पायरी उतरली. मागे शीतल, बाळाला छातीशी घट्ट आवळून. मी घुगऱ्यांची वाटी धरली होती, तशीच, पूर्वीसारखी. हळद वाहून झाली, घुगऱ्या ठेवून झाल्या. आता पाणी भरायची वेळ आली आणि शीतल बाळाला घेऊन एक पायरी मागे सरली.

काकीनं फडकं सोडलं. नळाच्या पाण्यात बोट बुडवून नातीच्या ओठांना लावलं. बाळीनं जीभ बाहेर काढली, चाटलं. मग इतक्या वर्षांत प्रथमच काकीनं त्या सात शेंदरी दगडांकडे मान वर करून पाहिलं.

"आयांनो," ती म्हणाली, "माज्या हळदीत काय चुकलं न्हवतं. तुमचा बी दोस न्हवता. तुमाला बी ह्येच घान पानी प्यावं लागलं समद्यांसंगं. आता हे घ्या. नितळ हाय."

आणि अर्धा पेला पाणी वाया न घालवणाऱ्या माझ्या काकीनं ती काठोकाठ भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलली आणि बारवेत उपडी केली.

पारवे उडाले. शीतल रडत होती. घागरीच्या अरुंद गळ्यातून पाणी आसरांच्या पायाशी पडत होतं. बुडुक, बुडुक, बुडुक, आधी उतावळं, मग संथ. रिती होतानाही घागर तोच आवाज करते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.